पान तीनशे अकरा

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता माझे व्याही चोर ठरले. ठरवणाऱ्या यंत्राला त्यासाठी एकोणीस सेकंद लागले आणि ती बातमी वाईतल्या घराघरांत पोहोचायला आणखी बावीस मिनिटं. दोन्ही आकडे मी त्याच दिवशी टिपून ठेवले. सवयीला इलाज नाही.

मी मालिनी खटावकर. बर्गे प्रकाशनात सव्वीस वर्षं मुद्रितशोधक होते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं छापून जाण्याआधी वाचायचं आणि चुका काढायच्या. यंत्रं चुका काढू लागली तरी सदाभाऊ बर्ग्यांनी मला ठेवून घेतलं, कारण यंत्राला वेलांटी कळते, लेखकाचा रुसवा कळत नाही. माझी एक ‘चुकांची वही’ असे. पाच रकाने: तारीख, पान, चूक, कुणाची, दुरुस्ती. इतरांच्या चुका पुढून, निळ्या शाईने. माझ्या स्वतःच्या मागून, लाल शाईने. अशा अकरा वह्या झाल्या. निळी पानं भरभरून, लाल पानं एकूण नऊ. मला त्याचा गर्व होता हे कबूल करते. गावात लग्नपत्रिका द्यायला येणारे लोक ती माझ्या हातात ठेवून दोन पावलं मागे सरकायचे.

आमच्याकडची सगळ्यात मोठी पुस्तकं म्हणजे अच्युत मणेरीकरांची ‘खारवण’. पाच भागांची अद्भुत कादंबरी. खारवण हा नऊ नद्यांचा आणि एका खाऱ्या खाडीचा देश. तिथे पूल नाहीत, आणि नावाडी पैसे घेत नाहीत. पलीकडे जायचं तर गाणं म्हणायचं. त्यामुळे पाच भागांत मिळून दोनशे बारा गाणी. मणेरीकर मिश्कील गृहस्थ. ओळींच्या पहिल्या अक्षरांत ते काहीतरी दडवून ठेवत. पहिल्या भागात त्यांच्या कुत्र्याचं नाव सापडलं, दुसऱ्यात त्यांच्या दातांच्या डॉक्टरांचं. मग वाचकांना नादच लागला. कुणी पहिली अक्षरं जोडी, कुणी शेवटची, कुणी गाणं उलटं वाची. विचारलं तर मणेरीकर मिशीत हसून म्हणत, “पुन्हा वाचा.” तीन वर्षांपूर्वी ते गेले, आणि खरं-खोटं सांगणारा माणूसच संपला.

त्यानंतर हेतुमापी आली.

पुण्याच्या एका संस्थेतल्या डॉ. केतकी पाध्ये यांनी ती बनवली. आमच्या वाचनालयात त्यांनी ती समजावून सांगितली, तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. त्या म्हणाल्या, “एसटी स्टँडवर पाच माणसं ओळीने उभी आहेत आणि पाचांच्या डोक्याला लाल फेटे आहेत. हा योगायोग की लग्नाचं वऱ्हाड? नुसतं बघून सांगता येणार नाही. त्या स्टँडवर एरवी किती लाल फेटे दिसतात ते आधी माहीत हवं.” यंत्र हेच करतं. गाणं दिलं की त्या कवीची सगळी पुस्तकं पचवून ते त्या गाण्याची दहा लाख भावंडं तयार करतं. तोच छंद, तोच आशय, त्याच कवीच्या तोंडचे शब्द, पण ओळी वेगळ्या. मग त्या गर्दीत तोच दडलेला शब्द आपोआप किती वेळा उगवतो ते मोजायचं आणि त्यावरून पुढचा हिशेब मांडायचा. वारंवार उगवला तर योगायोग. उगवलाच नाही तर कुणीतरी मुद्दाम पेरलेला.

“म्हणजे मनातलं वाचतं?” कुणीतरी विचारलं.

“छे. मनात काहीतरी होतं एवढंच सांगतं.”

पण एवढं पुरेसं होतं. वर्षभरात लोकांनी हाताला लागेल ते त्या यंत्रातून काढलं. सातारच्या एका लग्नातल्या मंगलाष्टकांत वधूच्या मामाने जुन्या स्थळाचं नाव गुंफलं होतं, ते तीन वर्षांनी निघालं आणि मामाला दिवाळीचं आमंत्रण बंद झालं. एका मुख्याध्यापकांच्या निरोपाच्या कवितेत उभ्या अक्षरांनी काय लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही. कार्यालयांनी यंत्राचा निकाल ग्राह्य धरायला सुरुवात केली. माणसाच्या शब्दाला साक्षीदार लागतो. यंत्राच्या आकड्याला शून्यं पुरतात.

सोमवारी त्या यंत्राने खारवणच्या चौथ्या भागातलं एकशे त्रेचाळिसावं गाणं उलगडलं. पान तीनशे अकरा.

ओल्या हाती मीठ घेउनी
तारू माझे हळूच सोडी
रीत तुझी मी मोडत नाही
चोच मिटूनी बसले पक्षी
रस्ता माझा पाण्याखाली

पहिली अक्षरं वरून खाली वाचा. *ओतारी चोर.* वाचकांच्या शेकडो जोडण्यांच्या गर्दीत हे आजवर हरवून गेलं होतं. खाली निकाल: हेतू सिद्ध, योगायोगाची शक्यता नव्वद कोटींत एक.

रघुवीर ओतारी म्हणजे माझ्या मुलीचे, अनुजाचे सासरे; जावई हृषीकेशचे वडील. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. खारवणच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला दोन पानं पसरलेला जो नकाशा आहे तो त्यांच्या हातचा, आणि त्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘नकाशा: र. ओतारी’. उभ्या आयुष्यात या माणसाचं नाव छापून आलं ते एवढंच. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या समारंभात ते सहज बोलून गेले की नकाशा आधी झाला, कादंबरी नंतर. एका उन्हाळी सुट्टीत गंमत म्हणून त्यांनी एक नसलेला देश काढला, तो बघून मणेरीकरांनी विचारलं, “इथे कोण राहतं रे?” मणेरीकरांच्या पश्चात त्यांची पुस्तकं सांभाळणाऱ्या न्यासाला हे झोंबलं. आता पाचही भागांची एकत्र आवृत्ती निघायची होती, आणि नकाशावर ओतारींचं नाव ठेवायचं की ‘संकल्पना: अच्युत मणेरीकर’ एवढंच छापायचं, हे शनिवारी चार वाजता न्यासाच्या सभेत ठरणार होतं. तोवर मामला अर्धा-अर्धा होता. आता मेलेल्या लेखकानेच साक्ष दिली होती.

बाराला अनुजाचा फोन. “आई, बाबा जेवणाच्या टेबलावरून उठले ते बोलतच नाहीयेत. हृषीकेश शाळेत शिकवायला गेलाय, तिथे पोरांनी फळ्यावर लिहून ठेवलं. तू काहीतरी सांग ना. तू तर ती पुस्तकं पाठ केली आहेस.”

“बघते,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. पुस्तक काढून बघायची गरज नव्हती.

कारण त्या गाण्याच्या शेवटच्या दोन ओळी मणेरीकरांच्या नव्हत्या. त्या माझ्या होत्या.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथ्या भागाचं प्रकाशन रविवारी, आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता मजकूर छापायला सोडायचा. दोन वाजता लक्षात आलं की पान तीनशे अकरावरचं गाणं मावत नाही. मणेरीकरांची नावाड्याची गाणी अशी: आधी छोट्या ओळी, आणि शेवटी वल्ह्याचे दोन मोठे हात मारावेत तशा दोन लांबलचक ओळी. त्या दोन्ही मोडून खाली सांडत होत्या, त्यांच्या ढकलण्याने पुढचं प्रकरण सरकत होतं, आणि शेवटी एक पान फर्म्याबाहेर, म्हणजे एका तावावर छापल्या जाणाऱ्या सोळा पानांबाहेर, लोंबत होतं. एका पानासाठी अख्खा नवा फर्मा. मणेरीकर त्यांच्या गावी, सावंतवाडीच्या खाली कुठेतरी, फोन लागेना. सदाभाऊ दारात उभे राहून म्हणाले, “ताई, काहीतरी करा.” मी केलं. दोन लांब ओळी काढल्या, दोन आखूड लिहिल्या. दहा मिनिटं लागली. कवीच्या ओळीला हात लावायचा नसतो, हा आमच्या धंद्यातला पहिला आणि शेवटचा नियम. तो मी सव्वीस वर्षांत एकदाच मोडला.

मणेरीकरांना सांगायचं म्हणत होते. पण ते स्वतःचं छापलेलं पुस्तक कधीच उघडत नसत. “झालेल्या पोराचं नाक आता कशाला बघायचं?” म्हणत. मूळ कागद तर ते मुद्रितं, म्हणजे तपासायची कच्ची छापील पानं, आली की बंबात घालत. त्यांना कळलं नाही, मी सांगितलं नाही. आणि गंमत बघा, ते गेल्यावर दोनशे बारा गाण्यांतली लोकांनी उचलून धरलेली ओळ कुठली? ‘रस्ता माझा पाण्याखाली’. टी-शर्टावर, चहाच्या कपांवर, एका बाईच्या मनगटावर गोंदवलेली मी स्वतः पाहिली. मी आतल्या आत सुखावत असे. ते सुख कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नाही.

सोमवारी माझ्या मनाने लगेच वकिली सुरू केली. ओळी माझ्या, तर ‘चोर’ हाही माझाच, आणि माझ्या मनात तसलं काही नव्हतं. म्हणजे योगायोग. मग वर ‘ओतारी’ कसं? तेही योगायोगच का? तसं असेल तर गप्प बसूनही यंत्र चुकीचं ठरेल, दुसरं कुणीतरी ठरवील. माणूस गप्प बसायची कारणं किती भराभर शोधतो! दुपारपर्यंत माझी सात झाली होती.

मंगळवारी ओतारींकडे गेले. ते खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होते. एरवी मी गेले की ठरलेलं वाक्य यायचं, “या विहीणबाई, चहा करतो, साखरेचे दाणे मोजून घ्या.” त्या दिवशी आलं नाही.

“रघुवीरराव, शनिवारी सभेत तुम्ही बोलायला हवं.”

“काय बोलू?”

“हे खोटं आहे म्हणून.”

त्यांनी पेन्सिल उजेडात धरून टोक पाहिलं. “यंत्राने काल सांगितलं. मला चौदा वर्षांपासून माहीत आहे.”

“कसं?” मी विचारलं.

“चौथा भाग निघाला त्याच आठवड्यात सापडलं मला,” ते शांतपणे सांगू लागले. “त्याच्या आदल्या महिन्यात मी त्याला टोचलं होतं. म्हटलं, कुत्र्याचं नाव गाण्यात घातलंस, दात उपटणाऱ्याचं घातलंस, माझं कधी घालणार? तर म्हणाला, चौथा भाग येऊ दे, एकशे त्रेचाळिसावं गाणं वाच. मी पुस्तक आल्या आल्या उघडलं. अक्षरं जुळवली.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “त्या दिवसापासून मी त्याच्या दारात गेलो नाही.”

“पण पाचव्या भागाचा नकाशा?”

“शिपायाच्या हाती पाठवला.”

“त्यांना विचारायचं तरी.”

“काय विचारू? बाबा रे, मला चोर का म्हणालास? मला वाटलं, त्याच्या मनात असेल की मी नकाशाचा तोरा मिरवतो. असेल. त्याने विचार करून लिहिलं असणार. तो एक अक्षर बिनविचाराने टाकत नसे.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्हाला तर माहीतच आहे. तुम्हीच तपासलंय.”

मला एकदम मणेरीकर आठवले. दोनदा, तीनदा, आमच्या टेबलाशी येऊन विचारलेलं: “मालिनीबाई, हा ओतारी हल्ली येत का नाही हो?” आणि मी मुद्रितावरून मान न उचलता दिलेलं उत्तर: “शाळेचं काम असेल.”

घरी येऊन मी कपाट उघडलं. नववी वही, मागचं पान, लाल शाई. काढलेल्या ओळींचे नेमके शब्द मी विसरून गेले होते, पण सवय विसरली नव्हती. मुद्रितातून जे कापलं ते मी वहीत डिंकाने चिकटवत असे. तिथे ती पट्टी होती, पिवळी पडलेली. अख्खं गाणं आणि तळाशी छापखान्याची बारीक ओळ, तारीख-वेळेसकट: शुक्रवार, दुपारी एक वाजून अठ्ठावन्न मिनिटं. पहिल्या तीन ओळी त्याच. त्यांच्या खाली:

सगळी गावे त्याची आधी, मागुन आले माझे पाणी
खाऱ्या वाऱ्यावरती ज्याने पहिली रेघ ओढली होती

मी पहिली अक्षरं बोटाने जोडली. *ओतारी सखा.* पण अक्षरं जोडायचीही गरज नव्हती. शब्दांतच सगळं उघड होतं. गावं आधी त्याची. पहिली रेघ त्याची. मित्राने मागितलेली पावती मित्राने जगासमोर लिहून दिली होती, आणि मी ती कापली होती, कारण ती पानात मावत नव्हती.

रकान्यांत लिहिलं होतं: चूक — ओळी बदलल्या. कुणाची — माझी. दुरुस्ती — रिकामं.

गुरुवारी वही घेऊन सदाभाऊंकडे गेले. ते प्रकाशक आणि न्यासाचे अध्यक्षही. त्यांनी पट्टी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आठवतं तुम्हाला?” मी विचारलं.

“फर्मा आठवतो.” ते हसले नाहीत. “ताई, नव्या आवृत्तीच्या वेष्टनावर काय आहे माहीत आहे? ‘रस्ता माझा पाण्याखाली’. वेष्टनं छापून तयार आहेत.”

“म्हणून एका माणसाला चोर म्हणायचं?”

“मी कुठे म्हणतो? यंत्र म्हणतंय.” मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने बोलले, “नीट विचार करा. तुम्ही त्यांच्या विहीणबाई. वही तुमची, शाई तुमची. लोक म्हणतील, मुलीचा संसार वाचवायला बाई काल बसून लिहून आल्या. आणि समजा पटलंच त्यांना, तर पुढचा प्रश्न काय येईल? ‘बाई, आणखी कुठे हात मारलात?’ सव्वीस वर्षांत किती पुस्तकं तपासलीत?”

“तीनशे अठ्ठावन्न.”

“तीनशे अठ्ठावन्न लेखक आपापली पुस्तकं घेऊन दारात उभे राहतील. निम्मे तर मेले आहेत, त्यांची पोरं येतील. तुमच्या नावावर एवढी एकच गोष्ट आहे ना, की खटावकरबाईंच्या हातून गेलेलं पान म्हणजे पान?”

माणूस हुशार. माझं दुखरं बोट त्याने बरोबर धरलं. मी वही उचलली आणि निघाले. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की ‘नाही’ असं मी अजून म्हटलेलं नाही.

शुक्रवारी अनुजा आली. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती गळ्यात पडेल. ती खुर्चीवरून उठलीच नाही.

“म्हणजे बाबा आणि मणेरीकरकाका चौदा वर्षं...”

“हो.”

“आणि तू माझ्या लग्नात बाबांना विचारलं होतंस, मणेरीकरांना पत्रिका दिली का म्हणून. ते उठून बाहेर गेले होते. मला वाटलं, किती तुसडा माणूस आहे.” तिने वही माझ्यापुढे सरकवली. “सांगितलंस तर ते तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाहीत, आई. मला त्याच घरात राहायचंय. आणि सांगितलं नाहीस तर मी बोलणार नाही. बघ बाई, काय परवडतं ते.”

माझीच मुलगी. हिशेब पक्का.

शनिवारी वाचनालयाचं सभागृह भरलं. मी मोजले: एकशे बारा खुर्च्या, भिंतीला टेकलेले तीस-पस्तीस. खारवणचे वाचक पुण्या-कोल्हापुराहून आले होते. व्यासपीठावर सदाभाऊ, दोन विश्वस्त, आणि केतकी पाध्ये. त्यांच्यापुढे पाटीएवढं ते यंत्र. शेवटच्या रांगेत अनुजाने सासऱ्यांना आणून बसवलं होतं. ते जमिनीकडे बघत होते.

सदाभाऊंनी प्रस्ताव वाचला. “कुणाला काही म्हणायचं आहे?”

मी उभी राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली. “पान तीनशे अकरावरच्या शेवटच्या दोन ओळी अच्युत मणेरीकरांच्या नाहीत. माझ्या आहेत.”

एक क्षण कुणाला अर्थच लागला नाही. मग कुणीतरी हसलं. मागून आवाज आला, “विहीणबाई आहेत त्यांच्या!” दुसरा म्हणाला, “उद्या म्हणाल, कादंबरीच मी लिहिली.” मनगटावर ओळ गोंदवलेली ती बाई तिसऱ्या रांगेत होती, तिने ओढणी हातावर ओढून घेतली. तेवढंच मला त्या गर्दीत स्पष्ट दिसलं.

मी चालत गेले आणि वही केतकीताईंपुढे उघडून ठेवली. त्यांनी पट्टी वाचली, पुन्हा वाचली. तळाची तारीख आपल्या भिंगाखाली धरली. “ही छापखान्याची नोंद आहे. हाताने नंतर घालता येणार नाही. शाई कागदात उतरून पसरली आहे.”

“म्हणजे यंत्र चुकलं?” एक विश्वस्त म्हणाले.

“थांबा.” त्यांनी पट्टीवरचं गाणं यंत्राला दिलं. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. एकोणीस सेकंद किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. यंत्राने निकाल दाखवला: पाचही ओळी, हेतू सिद्ध. मग त्यांनी छापलेलं गाणं पुन्हा दिलं, पण या वेळी विचारलं की लिहिणारे दोन असू शकतात असं धरून चाल. उत्तर आलं: पहिल्या तीन ओळी, हेतू सिद्ध. शेवटच्या दोन, हेतू नाही.

केतकीताई उभ्या राहिल्या. “मी तुम्हाला स्टँडवरच्या फेट्यांचं सांगितलं होतं. तीन माणसं वऱ्हाडाची होती. शेवटी दोन परकी माणसं येऊन उभी राहिली, आणि त्यांच्याही डोक्याला नेमके लाल फेटे. यंत्राने पाचांना एकाच लग्नाला बसवलं. पान एक म्हणजे माणूस एक, असं आम्हीच त्याला शिकवलं होतं. चूक त्याची नाही. माझी आहे. मी लिहून देते.”

चूक स्वतःच्या नावावर सरळ लिहून घेणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत. या बाईंचं नाव माझ्या वहीत निळ्या शाईने आलं तर शेजारी मी तेही लिहीन.

“ओळी वाचून दाखवा,” शेवटच्या रांगेतून आवाज आला. ओतारी उभे होते. “मूळच्या ओळी. मोठ्याने.”

केतकीताईंनी वही माझ्याकडे दिली. वाचायचं मलाच होतं. सगळी गावे त्याची आधी, मागुन आले माझे पाणी. खाऱ्या वाऱ्यावरती ज्याने पहिली रेघ ओढली होती. एवढंसं वाचायला मला तीनदा थांबावं लागलं. वाचून वर पाहिलं तेव्हा शेवटच्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती.

प्रस्ताव मागे घेतला गेला. नकाशावरचं नाव राहिलं. सदाभाऊंनी चाणाक्षपणे तिथल्या तिथे जाहीर केलं की नव्या आवृत्तीत कुठल्या ओळी छापायच्या ते ओतारी गुरुजी ठरवतील. वेष्टनाचा प्रश्न त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात घातला होता. आणि त्यांचं भाकीतही खोटं ठरलं नाही. सोमवारपासून माझ्या दाराशी लेखक येऊ लागले. पहिल्या आठवड्यात एकोणीस. प्रत्येकापुढे मी अकरा वह्या ठेवल्या आणि म्हटलं, शोधा. एका गृहस्थांचा फार हिरमोड झाला. आपल्या कादंबरीतला कच्चा भाग माझ्या हातचा निघेल अशी त्यांना आशा होती.

ओतारींकडून निरोप नाही. फोन नाही. अनुजा सांगे, “जेवतात. बोलत नाहीत. टेबलाशी बसून असतात.”

दहाव्या दिवशी तिने बोलावलं. “बाबा म्हणतात, खटावकरबाईंना वही घेऊन यायला सांग.” विहीणबाई नाही. खटावकरबाई.

गेले. टेबलावर खारवणचा नवा नकाशा पसरला होता, नव्या आवृत्तीसाठी पुन्हा काढलेला. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, उभंही ठेवलं नाही. खुर्ची पायाने थोडी बाहेर सरकवली.

“तुमच्या ओळी तशाच राहतील,” ते म्हणाले. “बर्ग्यांना कळवलंय. लोकांच्या तोंडात बसल्या आहेत, आणि वाईट नाहीत. अच्युतलाही आवडल्या असत्या. आधी चिडला असता, मग आवडल्या असत्या.”

“आणि त्यांच्या?”

त्यांनी नकाशा माझ्याकडे फिरवला. खाडीच्या तोंडाशी पूर्वी किनारा होता तिथून त्यांनी जमीन मागे रेटली होती. तीन गावं आत सरकली होती. मोकळ्या झालेल्या समुद्रात, लाटांच्या वळणाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही लांब ओळी त्यांच्या हातच्या अक्षरांत वाहत होत्या. कुठे मोडलेल्या नाहीत, कुठे खाली सांडलेल्या नाहीत.

“पानात मावत नाही म्हणून तुम्ही ओळ कापली,” ते म्हणाले. “नकाशात मावत नसेल तर समुद्र मोठा करायचा असतो.”

मी वही टेबलावर ठेवली. 

“तपासा,” ते म्हणाले आणि पट्टी चिकटवलेलं पान शेजारी उघडून ठेवलं.

मी चष्मा लावला. एका हाताचं बोट पट्टीवर, दुसऱ्याचं समुद्रावर. अक्षर अन् अक्षर, काना, मात्रा. मुद्दाम सावकाश. ते समोर बसून माझ्या बोटाकडे बघत होते, आणि बोट ‘पहिली रेघ’ वरून जाताना त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. चूक नव्हती. मी समासात सही केली, सव्वीस वर्षं करत आले तशी.

मग वही ओढून लाल पानावरच्या रिकाम्या रकान्यापाशी पेन टेकवलं. दुरुस्ती. ‘झाली’ लिहिणार होते.

“ते राहू दे,” ते खिडकीकडे बघतच म्हणाले. “तो विचारत होता म्हणालात ना तुम्ही, ओतारी का येत नाही? सभेनंतर अनुजाला सांगितलंत म्हणे.”

“हो.”

“किती वेळा?”

मला आकडा माहीत होता. मला सगळेच आकडे माहीत असतात.

“तीनदा,” मी म्हटलं.

 ते उठून आत गेले. चहाच्या भांड्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला. मी पेनाला टोपण घातलं. रकाना रिकामाच ठेवला.